दोन डोळ्यांची जुनी छायाचित्रं: स्टिरिओ कार्डं ऑनलाइन कुठे आणि कशी बघायची?

काचपट्टी (धागाकर्ता)

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जुनी मुंबई’ म्हणून जे फोटो फिरत असतात, त्यांतले काही मुळात अर्धेच असतात. जवळजवळ चौकोनी आकार, कधी वरच्या कडेला कमानीसारखी गोलाई, समोर कुणीतरी विनाकारण उभं. असा फोटो दिसला की मी त्याचा दुसरा अर्धा शोधायला लागतो. पुष्कळदा तो सापडतोही, आणि फुकट सापडतो. धागा त्यासाठीच काढतोय.

मूळ वस्तू म्हणजे साधारण साडेतीन बाय सात इंचांचं पुठ्ठ्याचं कार्ड. त्यावर एकाच दृश्याचे दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले. दोन्ही सारखेच वाटतात, पण नसतात. कॅमेऱ्याला दोन भिंगं असायची, आपल्या डोळ्यांत असतं तेवढ्या किंवा किंचित जास्त अंतरावर. डाव्या डोळ्याला फक्त डावा आणि उजव्याला फक्त उजवा फोटो दाखवला की मेंदू त्यांतला बारीक फरक जुळवतो आणि चित्राला खोली येते.

गंमत म्हणजे हे फोटोग्राफीच्या आधीचं प्रकरण आहे. चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आरशांचा स्टिरिओस्कोप मांडला, तेव्हा फोटोग्राफीची जाहीर घोषणा व्हायला वर्ष बाकी होतं. त्यानं हातानं काढलेल्या रेखाकृती वापरल्या. पुढे १८४९ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरनं भिंगांची सुटसुटीत पेटी केली, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाला ती आवडली, आणि मग युरोपात खूळच पसरलं. १८५४ मध्ये फक्त याच धंद्यासाठी लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी निघाली.

अमेरिकेत हे खूळ घरोघरी पोचवणारा माणूस म्हणजे बोस्टनचा डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स. त्यानं १८६१ च्या सुमारास हातात धरायचा साधा लाकडी स्टिरिओस्कोप केला आणि त्याचं पेटंट मुद्दाम घेतलं नाही, म्हणून तो कुणीही बनवू शकला. याच होम्सनं १८५९ मध्ये एका लेखात म्हटलं होतं की, एक दिवस स्टिरिओ चित्रांची मोठमोठी सार्वजनिक ग्रंथालयं निघतील आणि जगातली कुठलीही गोष्ट बघायची असली की माणूस तिथे जाऊन पुस्तक मागावं तसं तिचं चित्र मागेल. ती ग्रंथालयं आज खरोखर आहेत, आणि तिथे जावंही लागत नाही:

– वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे पन्नास हजारांहून जास्त कार्डं आहेत, १८५० च्या दशकापासून १९४० च्या दशकापर्यंतची. सगळी ऑनलाइन नाहीत, पण जी आहेत त्यांची मोठी टिफ फाइल उतरवून घेता येते. भारताची कार्डं बघायची तर सुरुवात इथून करा.

– न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा रॉबर्ट डेनिस संग्रह. अवाढव्य आहे, पण भर अमेरिकेतल्या गावांवर.

– कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या फोटोग्राफी संग्रहालयातला कीस्टोन-मास्ट संग्रह. कीस्टोन ही कार्डं छापणारी अमेरिकन कंपनी. इथे छापील कार्डांपेक्षा मूळ काचेच्या निगेटिव्ह महत्त्वाच्या. अडीच लाखांच्या घरात आहेत.

– अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि लॉस एंजेलिसचं गेटी. निवडक माल, पण स्कॅन इतके उत्तम की पुठ्ठ्याचा पोतसुद्धा दिसतो.

शोधताना आजची नावं टाकू नका. मुंबईला ‘बॉम्बे’, पुण्याला ‘पूना’, वेरूळला ‘एलोरा’, तेही जुन्या इंग्रजी स्पेलिंगने. नुसतं ‘इंडियन’ टाकलंत तर अमेरिकेतले मूळ रहिवासीही हजर होतात, कारण इंग्रजीत त्यांनाही तोच शब्द चिकटलेला.

आणि एक विनंती. कार्ड उघडलं की खालचा छापील मथळा आधी वाचू नका. अंगठ्यानं झाका, चित्र खोलीसकट डोळ्यांत बसू द्या, मग वाचा. का, ते पुढे ओघात येईलच.

रानमेवा

वाचनखूण साठवली आहे. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. माझ्याकडे ना स्टिरिओस्कोप, ना भिंगं. बघायचं कशानं?

नेत्रा

रानमेवा, काहीच लागत नाही. दवाखान्यात रोज लोकांची दृष्टी तपासते, त्या अनुभवावरून सांगते.

चित्र फोनवर उघडा. पूर्ण जोडीची रुंदी बारा सेंटिमीटरच्या आत ठेवा, म्हणजे दोन चित्रांच्या मध्यबिंदूंत सहाच्या आसपास अंतर येईल. फोन हातभर अंतरावर धरा आणि फोनकडे न बघता त्याच्या पलीकडच्या भिंतीकडे बघताय असं बघा. थोड्या वेळानं दोनाची तीन चित्रं दिसतील. मधल्याकडे लक्ष द्या, पण घाई करू नका. आधी ते अंधुक असतं, मग एकदम स्पष्ट होतं आणि मागे सरकतं. ज्यांना लांबचं दिसायला चष्मा लागतो त्यांनी तो काढून, फोन जवळ घेऊन बघावं. त्यांना हे बहुधा लवकर जमतं.

संगणकाच्या मोठ्या पडद्यावर याच पद्धतीनं बघायला जाऊ नका. तिथे दोन चित्रांतलं अंतर डोळ्यांतल्या अंतरापेक्षा जास्त होतं आणि डोळे बाहेरच्या बाजूला फाकवावे लागतात. ते आपल्याला निसर्गानं दिलेलं नाही. डोकं दुखलं तर थांबा.

आणि ज्यांना लहानपणापासून तिरळेपणा किंवा आळशी डोळा आहे, त्यांना ही खोली बहुतेक दिसणारच नाही. त्यात त्यांचं काही चुकत नाही, प्रयत्न कमी पडतायत असंही नाही.

काचपट्टी

नेत्राताई, धन्यवाद, हे माझ्याकडून इतकं नीट सांगून झालं नसतं.

ज्यांना खोली दिसत नाही त्यांच्यासाठी एक वाट आहे: हलती जिफ. डावं-उजवं चित्र आलटून पालटून झपाझप दाखवायचं. जवळच्या वस्तू जास्त हलतात, लांबच्या कमी, आणि एका डोळ्यालाही पुढे-मागे कळतं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं २०१२ मध्ये स्टिरिओग्रॅनिमेटर नावाचं साधन काढलं, ते याच कल्पनेवर. लोकांनी संग्रहातली कार्डं घेऊन आपापल्या हलत्या जिफ बनवल्या. लाल-निळ्या चष्म्यानं बघायची चित्रंही त्यात करता येत.

घरच्या घरी करायचं तर स्टिरिओफोटो मेकर ही फुकट प्रणाली घ्या. जुन्या कार्डांवर चित्रं तिरकी, खालीवर चिकटवलेली असतात. ती आपोआप जुळवून देते. आणि कार्डबोर्डचा तो फोन घालायचा चष्मा कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर तो उत्तम. जोडी पूर्ण पडद्यावर आणा, झालं.

टोपणनाव_नाही

मला डोळे तिरळे करून बघायची सवय आहे, ती ठिपक्यांत लपलेलं चित्र शोधायची पुस्तकं असतात ना, त्यांमुळे. पण तुमच्या कार्डात सगळं उलटं दिसतंय! देऊळ आत खचलंय आणि आकाश पुढे आलंय.

काचपट्टी

बरोबर दिसतंय तुम्हाला. डोळे तिरळे केले की डावा डोळा उजवं चित्र बघतो आणि उजवा डावं. खोली उलटी होते. कुठल्याही फोटोच्या प्रणालीत दोन्ही चित्रांची अदलाबदल करा, म्हणजे तुमच्या पद्धतीनं सरळ दिसेल.

यातच एक जास्तीचा पेच आहे. दुभिंगी कॅमेऱ्याच्या काचेवर चित्रं उलटी पडतात, आणि ती काच जशीच्या तशी छापली तर डाव्याच्या जागी उजवं येतं. म्हणून छापल्यावर जोडी मधोमध कापून बाजू बदलून चिकटवावी लागे. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अमेरिकन यादवी युद्धाच्या अनेक मूळ काचांचे स्कॅन आहेत, तिथे ही अदलाबदल झालेलीच नाही. ती चित्रं तुम्हाला तिरळ्या डोळ्यांनी थेट सरळ दिसतील आणि आम्हा बाकीच्यांना उलटी. काही बाजारी कार्डंसुद्धा चिकटवणाऱ्यानं कंटाळून उलटी चिकटवलेली सापडतात.

ठाणेकरीण

लहानपणी आमच्याकडे व्ह्यूमास्टर होता, लाल रंगाचा. खटका दाबला की चित्र बदलायचं. तो यातलाच ना? आणि कल्याणची ती प्रसिद्ध शांबरिक खरोलिका, तीही यातच येते का?

काचपट्टी

व्ह्यूमास्टर हो. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आला. चकतीवर १४ छोट्या फिल्म, म्हणजे सात जोड्या. कार्डाची जागा रंगीत फिल्मनं घेतली, तत्त्व तेच.

खरोलिका नाही. महादेव पटवर्धनांची शांबरिक खरोलिका म्हणजे मॅजिक लँटर्न. काचेवर रंगवलेली चित्रं दिव्यानं पडद्यावर पाडायची, सोबत निवेदन आणि गाणी, समोर अख्खा प्रेक्षकवर्ग. स्टिरिओस्कोप हा एकट्याचा खेळ: एका वेळी एकच माणूस, बाजूचं जग बंद.

गिरणगावकर

धाग्यात मुंबईचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. या कार्डांवर तारखा जवळजवळ नसतात. असल्या तर स्वामित्वहक्काचं साल असतं, आणि त्याचा फोटो काढल्याच्या सालाशी संबंध असेलच असं नाही. मी तारीख अशी लावतो.

राजाबाई टॉवर आहे? तर १८७८ च्या अलीकडचं. व्हिक्टोरिया टर्मिनस पुरं बांधून झालेलं? १८८८ च्या पुढचं. समोर महापालिकेची इमारत दिसते का बघा. ती १८९३ ची. अपोलो बंदराच्या बाजूनं ताजमहाल हॉटेल दिसलं तर १९०३ च्या आधीचं असूच शकत नाही, निदान पुरं झालेलं हॉटेल तरी नाही. गेटवे १९२४ चा. आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे ट्राम. १८७४ पासून घोड्यांची, विजेची सुरू झाली ७ मे १९०७ ला. रस्त्यावर वर तारा आहेत की नाहीत, हे सपाट फोटोत कळत नाही. ओरखडा आणि तार सारखेच दिसतात. जोडी डोळ्यांत बसवली की तार हवेत लटकताना दिसते आणि ओरखडा चित्राच्या पृष्ठभागावरच राहतो, किंवा एकाच डोळ्यात लुकलुकतो. यासाठी मी हल्ली अर्धा फोटो कुणी पाठवला तर तारीख सांगायच्या फंदातच पडत नाही.

हेमाडपंती

गिरणगावकर, ओरखड्याची युक्ती आवडली.

पुठ्ठ्यावरूनही थोडं कळतं. टोकं चौकोनी आणि पुठ्ठा सपाट असेल तर बहुधा १८६० चं दशक किंवा त्याआधीचं. गोल कोपरे त्या दशकाच्या शेवटी सुरू झाले. कार्डाला मुद्दाम दिलेला बाक असेल तर साधारण १८८० नंतरचं. मागे अमेरिकन महसुली तिकीट चिकटवलेलं असेल तर काम सोपं: तो कर फक्त १८६४ ते १८६६ या काळात होता. म्हणून कार्डाची मागची बाजूही स्कॅन केली आहे का ते बघत जा. बऱ्याच संग्रहांत असते आणि बरेच लोक उघडतच नाहीत.

कीस्टोन कंपनीच्या कार्डावर क्रमांक असतो. त्याच्या आधी इंग्रजी ‘व्ही’ अक्षर असेल तर निगेटिव्ह मुळात अंडरवुड अँड अंडरवुडची. ‘डब्ल्यू’ असेल तर एच. सी. व्हाइट कंपनीची. कीस्टोननं प्रतिस्पर्ध्यांच्या काचा विकत घेऊन पुढे दशकानुदशकं त्याच छापल्या. तेव्हा १९२०-३० च्या सुमारास अमेरिकन शाळेतली पोरं ‘आजचा भारत’ म्हणून जो बघत होती, तो पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा असायचा.

जर्सीवाली_मावशी

अंडरवुडचं नाव निघालं म्हणून. आमच्या इथे न्यू जर्सीत मेपलवुड नावाचं गाव आहे. तिथला एक शाळामास्तर, जेम्स रिकॅल्टन, हा अंडरवुडचा भारतातला फोटोग्राफर. सुट्टीत जगभर भटकायचा. १८८८ मध्ये एडिसननं त्याला पूर्वेकडे पाठवलं होतं, दिव्याच्या तारेसाठी योग्य बांबू शोधायला! पुढे मास्तरकी सोडून पूर्ण वेळ कॅमेरा घेतला. चीनमधलं बॉक्सर बंड, रशिया-जपान युद्ध, सगळीकडे हा हजर.

१९०७ मध्ये त्याचा भारताचा १०० कार्डांचा संच आला, सोबत पुस्तक. इंटरनेट आर्काइव्हवर ते वाचायला मिळतं. त्यात नकाशे आहेत आणि नकाशावर लाल रेघांनी दाखवलंय की फोटोग्राफर कुठे उभा होता आणि त्याला कुठून कुठवर दिसत होतं. मजकूरही असा की जणू वाचकच त्या जागी उभा आहे: डावीकडे हे, समोर ते. मी कार्ड फोनवर, पुस्तक लॅपटॉपवर असं घेऊन बसते. लेक म्हणते, आई, हे शंभर वर्षांपूर्वीचं स्ट्रीट व्ह्यू आहे.

काचपट्टी

मावशी, क्या बात है! नकाशांबद्दल लिहायचं मनात होतंच, तुम्ही काम केलंत.

आता मथळा झाकायला का सांगितलं ते. स्टिरिओ फोटोग्राफरची एक अडचण असते. दोन भिंगांतलं अंतर जेमतेम काही सेंटिमीटर, त्यामुळे लांबच्या गोष्टींत डाव्या-उजव्या चित्रात फरकच पडत नाही. मलबार हिलवरून अख्खी मुंबई टिपली तर ती सपाटच दिसणार. खोली हवी तर चित्रात अगदी जवळ काहीतरी पाहिजे. म्हणून या लोकांनी नियमच केला होता: पुढे एक झाडाची फांदी, एक बैलगाडी, एक कठडा, नाहीतर एक माणूस. युरोपातल्या कार्डांतही हे आहे. पण भारतातल्या कार्डांत तो माणूस फार वेळा तिथलाच कुणी गडी, पाणक्या, फकीर, गाडीवान असतो. त्याला तिथे उभं केलंय ते चित्राला टांगायला खुंटी म्हणून. मथळ्यात त्याचा पत्ता नसतो. मथळा म्हणतो अमुक देवळाचं प्रवेशद्वार, तमुक राजवाडा.

सपाट फोटोत आपणही मथळ्याच्या मागे जातो, देऊळ बघतो, माणूस दिसत नाही. खोली आली की देऊळ मागे जातं आणि तो माणूस अक्षरशः हातभर अंतरावर येतो. त्याच्या उपरण्याची घडी, पायातल्या भेगा, कॅमेऱ्याकडे बघायचं की नाही याचा झालेला गोंधळ. ज्याला मोजपट्टी म्हणून उभा केला तोच चित्राचा नायक होतो. फोटोग्राफरला हे अभिप्रेत नव्हतं, कंपनीला तर नव्हतंच. मला ही कार्डं बघायचं व्यसन लागलं ते यामुळे, स्मारकांसाठी नाही. स्मारकं मी तिकीट काढून बघू शकतो.

खडूस_वाचक

छान रंगवलंत, पण एवढं भारावून जायचं कारण नाही. ही गोऱ्या गिऱ्हाइकांच्या दिवाणखान्यासाठी काढलेली चित्रं. साप, साधू, प्रेतं, भुकेकंगाल. दुष्काळातल्या हाडांच्या सापळ्यांची कार्डं विकून कंपन्यांनी पैसे केले. त्या माणसांना रांगेत बसवून फोटो काढले, हे विसरून ‘नायक’ वगैरे म्हणणं मला पटत नाही.

जर्सीवाली_मावशी

खडूसभाऊ, ती दुष्काळाची कार्डं मीही बघितली आहेत. लेकीला दाखवली नाहीत.

काचपट्टी

तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच मथळा झाकायला सांगतो. विकणाऱ्याचा हेतू मथळ्यात असतो. दुष्काळाच्या कार्डाखाली कंपनीनं काय छापलं यापेक्षा रांगेच्या टोकाला, कॅमेऱ्यापासून तोंड फिरवून बसलेली बाई मला जास्त सांगते. ती काय सांगते यावर आपलं एकमत होणार नाही, हरकत नाही. पण ती कार्डं बघूच नयेत असं तुमचं म्हणणं असेल तर तिथे मी तुमच्याबरोबर नाही.

खडूस_वाचक

बघू नयेत असं नाही म्हटलं. बघताना ‘वॉव, थ्रीडी’ म्हणू नये, एवढंच.

काचपट्टी

हे मंजूर.

उपद्व्यापी

एवढा खटाटोप कशाला? हल्ली एआय कुठल्याही एका फोटोवरून खोली तयार करतं. मी काल सॅम्युअल बोर्नचा हिमालयातला एक फोटो टाकला, मिनिटभरात झकास त्रिमित जोडी. अर्धे फोटो शोधत बसायची गरजच नाही.

गिरणगावकर

आणि त्या जोडीत तार आणि ओरखडा वेगळे होतात का?

उपद्व्यापी

तपासलं नाही.

काचपट्टी

उपद्व्यापी, मौज म्हणून जरूर करा, पण त्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. खऱ्या जोडीतलं दुसरं चित्र हा दुसऱ्या जागेवरून घेतलेला दुसरा पुरावा आहे. खांबाच्या मागचा माणूस डाव्या चित्रात अर्धा दिसतो, उजव्यात पूर्ण. एआयला त्या खांबामागे काय होतं ते माहीत असणं शक्यच नाही. ते आपल्या मनानं भरतं. आणि जे काही टाकाल त्यावर ठळक लिहा, नाहीतर दोन वर्षांनी तीच जोडी ‘दुर्मिळ स्टिरिओ कार्ड’ म्हणून याच धाग्यावर परत येईल.

दोन चित्रं दोन पुरावे असतात याचं एक सुंदर उदाहरण सुरुवातीच्या काळातलं आहे. १८५० च्या दशकात पुष्कळांकडे एकच भिंग असलेला कॅमेरा असे. एक फोटो घ्यायचा, कॅमेरा फळीवर थोडा सरकवायचा, दुसरा घ्यायचा. मधल्या वेळात सावल्या सरकतात, गाडी निघून जाते, एखादं कुत्रं फक्त डाव्या चित्रात उरतं. जोडी जुळवली की ते कुत्रं भुतासारखं लुकलुकतं. ओरखडा नसून अशी सावली, गाडी किंवा कुत्रं लुकलुकताना दिसलं, तर कार्ड बहुधा एकभिंगी कॅमेऱ्याचं हे ओळखायचं.

उलट टोक १८५९ चं. चित्र छोटं आणि भिंग आखूड अंतराचं, त्यामुळे स्टिरिओ कॅमेऱ्यात फोटो उमटायला थोडाच वेळ प्रकाश लागायचा. म्हणून रस्त्यावरची चालती माणसं गोठवणारे पहिले चांगले फोटो स्टिरिओ कार्डांवर आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एडवर्ड अँथनीनं काढलेले त्यांत प्रसिद्ध. वर ज्याचं नाव आलं त्या डॉ. होम्सनं यादवी युद्धात पाय गमावलेल्या सैनिकांच्या कृत्रिम पायांबद्दल लिहिताना असल्याच कार्डांवरून माणूस चालताना पाऊल नक्की कसं टाकतो याचा अभ्यास केला. चित्रकार काढत होते तसं कुणीच चालत नव्हतं, हे त्यानं दाखवून दिलं.

अवकाशवेडा

चंद्राची कार्डं कुणी बघितली की नाही? चंद्र इतका लांब की दोन डोळ्यांतलं अंतर तिथे शून्य. मग वॉरन द ला रू यानं १८५० च्या दशकाच्या अखेरीस युक्ती केली. चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो म्हणतात, पण तो किंचित डोलतो. त्या डोलण्यामुळे काळाच्या ओघात आपल्याला त्याचा ५९ टक्के पृष्ठभाग दिसतो. एका रात्री एक फोटो घ्यायचा, आणि चंद्राची कला तीच पण डोलणं वेगळं असेल अशी दुसरी रात्र गाठून दुसरा. दोन्ही शेजारी ठेवले की सपाट थाळीचा गोल चेंडू होतो. पुढे लुईस रदरफर्डनंही केले. मोठ्या संग्रहांत सहज मिळतात. मुलांना पहिलं कार्ड दाखवायचं तर हे दाखवा, कारण हे दृश्य कुठल्याही माणसाला नुसत्या डोळ्यांनी कधीच दिसलेलं नाही.

रानमेवा

चंद्र जमला!!! आत्ता. फोन नाकाला लावून बसले होते, नवरा विचारतोय काय झालं.

नेत्रा

शाब्बास. आता जरा वेळ लांब बघा.

सांगली_मिरज

सगळा धागा एका बैठकीत वाचला. प्रश्न विचारतो. आमच्या जुन्या वाड्यातल्या फडताळात अशा कार्डांची पेटी निघाली आहे. पेटी पुस्तकासारखी दिसते. कार्डं वाकलेली आहेत, काहींवर डाग. भाऊ म्हणतो, वजनाखाली ठेवून सरळ करू आणि मग स्कॅन करू. करावं का?

हेमाडपंती

अजिबात नको! तो बाक कंपनीनं मुद्दाम दिलेला आहे. वजनाखाली दाबलंत तर फोटोचा वरचा थर तडकेल. स्कॅनरचं झाकणही दाबून लावू नका. झाकण उघडं ठेवा, वर काळं कापड टाका, कार्ड नुसतं ठेवा, ६०० डीपीआय पुरे. बाकामुळे कडा अंधुक येत असतील तर स्कॅनर सोडा. खिडकीच्या मऊ उजेडात कॅमेरा तिवईवर लावून, वरून सरळ फोटो घ्या. डाग पुसायला जाऊ नका, ओल्या फडक्यानं तर मुळीच नाही.

काचपट्टी

आणि पुस्तकासारखी पेटी म्हणजे संच असण्याची शक्यता बरीच. पेटीच्या कण्यावर काही छापलंय का ते आधी बघा. कार्डांचा पेटीतला क्रम बिघडवू नका. बाहेर काढण्याआधी ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं पेन्सिलीनं आकडे कागदावर लिहून ठेवा, कार्डावर नाही. पुढची बाजू, मागची बाजू, दोन्ही घ्या. मधून कापून एक अर्धा टाकू नका, पूर्ण कार्ड कडांसकट टाका. मथळा राहू दे, झाकायचं काम आम्ही करू.

सांगली_मिरज

कण्यावर अंडरवुड आहे. आत पहिल्याच कार्डावर घाट, आणि पुढे डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई. संध्याकाळी उजेड आहे तोवर पहिली दहा टाकतो.